अणुइंधनाचा ‘गंज’ : तप्त वायूंच्या संगतीत युरेनियम आणि झिर्कोनियम

विशेष प्रतिनिधी

१२ मार्च २०११ रोजी दुपारी जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राच्या पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचा वरचा मजला स्फोटात उडाला. जगभरच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ते दृश्य पुनःपुन्हा दाखवले आणि ‘अणुभट्टीत स्फोट’ हे शब्द ऐकणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभे राहिले. वस्तुतः त्या स्फोटाचा अणुविभाजनाशी थेट संबंध नव्हता. भूकंपाचा धक्का बसताच, म्हणजे आदल्याच दिवशी, भट्टीतील साखळी प्रक्रिया आपोआप बंद झाली होती. इमारतीत कोंडून पेटला तो हायड्रोजन वायू. आणि तो तयार झाला होता इंधनावरच्या धातूच्या आवरणाला वाफेत चढलेल्या एका प्रकारच्या गंजामुळे. १४ मार्चला तिसऱ्या भट्टीच्या इमारतीत तेच घडले आणि १५ मार्चला चौथ्या. चौथ्या भट्टीत तर त्या वेळी इंधनच नव्हते. तिसरीत तयार झालेला हायड्रोजन दोन्ही इमारतींच्या सामाईक वायुमार्गातून तेथे पोहोचला होता.

अणुऊर्जेविषयीच्या आपल्याकडील चर्चेत किरणोत्सर्ग, भूकंप, विस्थापन असे अनेक विषय येतात. हा गंज मात्र सहसा येत नाही. तथापि गेल्या सहा-सात दशकांतील अणुभट्ट्यांचे मोठे अपघात पाहिले, तर अनेकदा निर्णायक घटकेला भौतिकशास्त्राने नव्हे तर रसायनशास्त्राने घात केलेला दिसतो. इंधन किती तापले एवढे विचारून भागत नाही. ते तापले तेव्हा त्याच्याभोवती कोणता वायू होता, हेही विचारावे लागते.

गज आणि फुलबाजी

एखाद्या पदार्थाचा ऑक्सिजनशी संयोग होणे याला रसायनशास्त्रात ऑक्सिडीकरण म्हणतात. समुद्रकाठच्या मुंबईत खिडकीचे लोखंडी गज दोन-चार पावसाळ्यांत तांबूस पापुद्रे टाकू लागतात, ते ऑक्सिडीकरण. दिवाळीत फुलबाजीतून लोखंडाचा कीस ठिणग्या होऊन उडतो, तेही ऑक्सिडीकरणच. फरक वेगाचा. गजाचा गंज सावकाश चढतो, त्यातून निघणारी उष्णता वाऱ्यावर विरून जाते. किसाच्या बाबतीत तीच उष्णता क्षणात बाहेर पडते आणि पुढच्या कणाला पेटवते. अणुभट्टीतील धातूंना परिस्थिती बिघडल्यास या दोन टोकांमधला प्रवास काही मिनिटांत करावा लागतो.

ऑक्सिजन मिळण्यासाठी हवाच हवी असेही नाही. पाण्याच्या वाफेत तो असतो, कार्बन डायऑक्साइडमध्येही असतो. एरवी हे वायू आपला ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाहीत. परंतु तापलेले युरेनियम आणि झिर्कोनियम यांची ऑक्सिजनची ओढ इतकी तीव्र असते की ते तो हिसकावून घेतात. वाफेतून ऑक्सिजन काढून घेतला की मागे हायड्रोजन उरतो, कार्बन डायऑक्साइडमधून काढला की कार्बन मोनॉक्साइड. दोन्ही ज्वलनशील. म्हणजे भट्टी थंड ठेवण्यासाठी जे वापरायचे तेच वेळप्रसंगी सरपण होऊ शकते.

धातूवर चढणारा ऑक्साइडचा थर त्या धातूचे रक्षण करील की नाही, हे ठरवणारी एक साधी कसोटी पिलिंग आणि बेडवर्थ या संशोधकांनी १९२३ मध्ये मांडली. धातूच्या मानाने त्याच्या ऑक्साइडचे आकारमान किती, हा तो प्रश्न. अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर घट्ट बसतो, म्हणून स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमचे पातेले वर्षानुवर्षे टिकते. युरेनियम धातूचा ऑक्साइड मूळ धातूच्या जवळजवळ दुप्पट जागा व्यापतो. साहजिकच त्याचा थर ताण सोसू न शकता तडकतो, सुटून पडतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा होतो. नुकतेच घासलेले युरेनियम चांदीसारखे चमकते. हवेत ठेवले की काही काळातच सोनेरी आणि मग काळपट होते. त्याची बारीक पूड तर खोलीच्या तापमानालाही आपोआप पेट घेऊ शकते.

विंडस्केलची रात्र

या गुणधर्माची सर्वांत महागडी प्रचिती इंग्लंडला आली. वायव्य किनाऱ्यावरील कंबरलँडमध्ये विंडस्केल येथे ब्रिटनने अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार करणाऱ्या दोन भट्ट्या उभारल्या होत्या. ग्रॅफाइटच्या प्रचंड रचलेल्या ठोकळ्यांना आरपार आडवी भोके, त्या भोकांत अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांत बंद केलेल्या युरेनियम धातूच्या कांड्या, आणि हे सारे थंड ठेवण्यासाठी मोठमोठ्या पंख्यांनी आतून सोडलेली साधी हवा. तापलेली हवा सव्वाशे मीटरच्या आसपास उंचीच्या धुराड्यातून थेट आकाशात जाई. धुराड्यांच्या माथ्यावर गाळण्या बसवाव्यात असा आग्रह सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी धरला, तेव्हा बांधकाम बरेच पुढे गेले होते. त्या गाळण्यांना ‘कॉकक्रॉफ्टचा मूर्खपणा’ असे नाव पडले. पुढे त्याच गाळण्यांनी किरणोत्सारी धुळीचा बराच भाग अडवला, तेव्हा हे नाव घेणाऱ्यांना ते गिळावे लागले.

न्यूट्रॉनच्या माऱ्याने ग्रॅफाइटमध्ये ऊर्जा साठत जाते. ती अधूनमधून भट्टी मुद्दाम तापवून बाहेर काढावी लागे. ७ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या भट्टीत अशी क्रिया सुरू झाली. ती अपेक्षेप्रमाणे पसरली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवण्यात आले. १० ऑक्टोबरला तापमापकांचे आकडे उतरण्याऐवजी चढत राहिले आणि धुराड्यापाशी किरणोत्सर्ग वाढला. कर्मचाऱ्यांनी पंख्यांचा जोर वाढवला. त्यांच्या दृष्टीने ते भट्टी थंड करत होते. प्रत्यक्षात ती भात्याने फुंकलेली भट्टी झाली. समोरच्या भिंतीतील एक बूच काढून पाहिले तेव्हा आतल्या कांड्या लालबुंद झालेल्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमची आवरणे गेली होती आणि युरेनियम उघड्या हवेत जळत होते. पहिली ठिणगी नेमकी कशाने पडली, आवरण फुटलेल्या युरेनियमने, ग्रॅफाइटने की भट्टीत ठेवलेल्या लिथियम-मॅग्नेशियमच्या कांड्यांनी, याविषयी पुढे अनेक वर्षे तज्ज्ञांत मतभेद राहिले.

जळणाऱ्या भागाच्या सभोवारची इंधनाची भोके रिकामी करून आगीला वेढा घालण्यात आला. मग शेजारच्या कॅल्डर हॉल वीज केंद्रासाठी आणलेला सुमारे २५ टन द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आत सोडला गेला. कोणत्याही कार्यालयातील अग्निशामक नळकांड्यात असतो तोच हा वायू. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आग इतकी तप्त होती की कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजनही तिला पुरेसा होता.

उरले पाणी. केंद्राचे उपव्यवस्थापक टॉम टुओही आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा पेच येथे खरा कठीण झाला. वितळत्या युरेनियमवर पाणी ओतले तर धातू त्यातला ऑक्सिजन घेऊन हायड्रोजन मोकळा करील आणि तो हवेत मिसळून स्फोट होईल, ही भीती पुस्तकी नव्हती. पाणी न ओतले तर भट्टी जळत राहणार होती. ११ ऑक्टोबरच्या सकाळी पाणी सोडण्यात आले. स्फोट झाला नाही. पण आगही लगेच हटली नाही. अखेर टुओही यांनी हवेचे पंखे बंद करायला लावले. हवा तुटताच ज्वाळा मरगळल्या. ज्वाळा हवेसाठी कशा धडपडत होत्या ते भट्टीच्या माथ्यावर चढून आपण पाहिले, असे टुओही यांनी नंतर अनेकदा सांगितले. पाणी पुढे दिवसभराहून अधिक काळ वाहत ठेवावे लागले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध किरणोत्सारी आयोडीनच्या भीतीने काही आठवडे फेकून देण्यात आले. त्या भट्ट्या पुन्हा कधी सुरू झाल्या नाहीत आणि हवेने थंड होणाऱ्या मोठ्या भट्ट्यांची कल्पनाच ब्रिटनने सोडून दिली.

तेथून काही पावलांवर असलेल्या कॅल्डर हॉलमध्ये हेच युरेनियम धातूचे इंधन अनेक दशके सुरळीत जळले (अणुविभाजनाच्या अर्थाने!). ऑक्टोबर १९५६ मध्ये सुरू झालेले हे केंद्र २००३ मध्ये बंद झाले. फरक दोन गोष्टींचा होता. शीतक वायू म्हणून हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आणि आवरण म्हणून मॅग्नेशियमचा एक मिश्रधातू. त्या मिश्रधातूचे ‘मॅग्नॉक्स’ हे नावच मुळी ‘ऑक्सिडीकरण न होणारे मॅग्नेशियम’ या इंग्रजी शब्दांवरून पडले आहे. त्या मर्यादित तापमानाला कार्बन डायऑक्साइड आपला ऑक्सिजन राखून होता. तरी १९६० च्या दशकाच्या शेवटी या प्रकारच्या केंद्रांत वेगळीच अडचण उभी राहिली. आतले पोलादी बोल्ट तप्त कार्बन डायऑक्साइडमध्ये अपेक्षेपेक्षा लवकर गंजू लागले. उपाय म्हणून वायूचे तापमान उतरवावे लागले आणि त्यासोबत विजेचे उत्पादनही.

हायड्रोजनमध्ये जन्म, हवेत भुगा

आजच्या वीज केंद्रांत युरेनियम धातू वापरत नाहीत. वापरतात त्याचा ऑक्साइड. जे आधीच जळून गेले आहे ते पुन्हा काय जळणार, असा सरळ हिशेब त्यामागे आहे. हा हिशेब बराचसा खरा असला तरी पूर्ण खरा नाही.

हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये, १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत, देशातील अणुवीज केंद्रांसाठी इंधन तयार होते. युरेनियम डायऑक्साइडच्या चुऱ्यापासून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या दाबून काढल्या जातात आणि सुमारे १७०० अंश सेल्सिअसला भाजल्या जातात. (या लेखातील सर्व तापमाने सेल्सिअसमधली आहेत.) ही भट्टी हवेची नसते. अमोनियाचे विघटन करून मिळवलेला हायड्रोजन आणि नायट्रोजन तिच्यात खेळवला जातो. कारण युरेनियम डायऑक्साइडची भूक भागलेली नसते. एका युरेनियम अणूला दोन ऑक्सिजन अणू, हे प्रमाण हवेत तापवले की बिघडते. जास्तीचा ऑक्सिजन स्फटिकात घुसतो. हायड्रोजन तो बाहेर ओढून काढतो आणि गोळी नेमक्या प्रमाणात, घट्ट भाजून निघते. या गोळ्या मग झिर्कोनियमच्या नळीत हेलियम वायूसह बंद केल्या जातात. हेलियम कोणाशीही संयोग पावत नाही आणि उष्णता चांगली वाहून नेतो.

आता समजा, ही नळी कोठे तरी चिरली आणि गोळी तापलेल्या हवेच्या संपर्कात आली. पुढे जे होते ते मोठे विलक्षण आहे. आरंभी जास्तीचा ऑक्सिजन स्फटिकाच्या मोकळ्या जागांत बसतो आणि आकारमान वाढण्याऐवजी किंचित आकसते. थर घट्ट राहतो, सारे ठीक वाटते. काही काळाने दुसरे रूप प्रकटू लागते : तीन युरेनियम अणूंना आठ ऑक्सिजन अणू असलेला ऑक्साइड. त्याची घनता मूळच्या सुमारे ११ वरून ८.३ च्या आसपास उतरते आणि आकारमान सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. गोळीच्या अंगावर पापुद्रे उठतात, कण सुटतात, उघड्या पडलेल्या नव्या कणांवर हवा धावून जाते आणि टणक गोळीचा काळा भुगा होतो. फुगलेल्या भुग्याच्या दाबाने नळी लांबीच्या दिशेने उसवतही जाते. २०० अंशांखाली ही क्रिया अतिशय संथ असते. ४०० अंशांच्या आसपास मात्र काही तास पुरतात. वापरलेले इंधन कोरड्या पिंपांत साठवताना आत हवा न ठेवता हेलियम भरतात आणि आवरणाचे तापमान ४०० अंशांवर जाऊ नये असे अमेरिकी नियामकांचे मार्गदर्शन आहे, ते इंधनाचे आवरण दशकानुदशके धड राहावे म्हणून.

वाफेत मात्र हा भुगा होत नाही. नेहमीच्या दाबाखालील वाफ युरेनियम डायऑक्साइडला थोडासाच जास्तीचा ऑक्सिजन देऊ शकते. गोळी अखंड राहते, पण तिची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते, ती आतून अधिक तापते आणि तिच्यात अडकलेले किरणोत्सारी वायू लवकर सुटतात. हवा आणि वाफ यांत आणखी एक फरक रुथेनियम या विभाजनजन्य धातूने दाखवला आहे. वाफेत तो बहुतांशी इंधनातच बसून राहतो. हवेत त्याचे उडणारे ऑक्साइड तयार होतात आणि तो बाहेर पडतो.

शत्रूला कामाला जुंपण्याचेही प्रयत्न झाले आहेत. वापरलेले इंधन ५०० अंशांच्या आसपास मुद्दाम हवेत तापवून त्याचा भुगा करायचा, म्हणजे आवरण वेगळे होते आणि ट्रिटियम निघून जातो. दक्षिण कोरिया आणि कॅनडा यांच्या संयुक्त प्रकल्पात असा भुगा पुन्हा हायड्रोजनमध्ये तापवून, एकदा हवा एकदा हायड्रोजन असे आळीपाळीने करून, नव्या गोळ्यांसाठी योग्य चुरा तयार करण्यात आला.

अर्ध्या मिलिमीटरचे आवरण

गोळीपेक्षाही अधिक काळजी असते ती आवरणाची. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही आणि तीनशे अंशांच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून जगातील बहुसंख्य अणुवीज केंद्रांनी त्याचे मिश्रधातू स्वीकारले. नळीची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यावर ऑक्साइडची काळी, चिवट साय धरते आणि ती साय पुढचा हल्ला अडवते. थर जाड होत जातो तसा वेग मंदावतो.

पाणी आटले की चित्र पालटते. भट्टी बंद केल्यावरही इंधनातील किरणोत्सारी द्रव्यांच्या क्षयातून उष्णता निघत राहते. आरंभी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. ती काढून नेली नाही तर पाणी उकळून इंधन उघडे पडते आणि वाफेत तापू लागते. १००० अंशांच्या पुढे झिर्कोनियम वाफेवर तुटून पडतो. एक किलो झिर्कोनियमच्या पूर्ण ऑक्सिडीकरणातून सुमारे ६५ लाख ज्यूल उष्णता निघते. एवढ्या उष्णतेत वीस लिटर पाणी सहज उकळू लागेल. सोबत ४४ ग्रॅम हायड्रोजन मिळतो, सामान्य तापमान-दाबाला जवळपास अर्धा घनमीटर. एका भट्टीत झिर्कोनियम असतो टनांच्या हिशेबाने. १२०० अंशांच्या आसपास ही रासायनिक उष्णता क्षयाच्या उष्णतेला मागे टाकू शकते. मग तापमान वाढते म्हणून क्रिया वाढते, आणि क्रिया वाढते म्हणून तापमान.

याच कारणाने अमेरिकेच्या तत्कालीन अणुऊर्जा आयोगाने १९७३ च्या अखेरीस नियम केला, की शीतक गमावल्याच्या अपघातात आवरणाचे तापमान १२०४ अंशांवर जाता कामा नये आणि जाडीच्या १७ टक्क्यांहून अधिक भागाचे ऑक्सिडीकरण होता कामा नये. १७ टक्क्यांची अट उष्णतेसाठी नाही, ठिसूळपणासाठी आहे. ऑक्सिजन केवळ पृष्ठभागावर थांबत नाही, तो आतल्या धातूतही झिरपतो आणि लवचिक नळीची अवस्था चिनी मातीच्या भांड्यासारखी होते. तापलेल्या अशा भांड्यावर गार पाणी पडले तर काय होते ते सांगायला नको.

ते हंगेरीत प्रत्यक्ष घडले. डॅन्यूब नदीकाठच्या पाक्श केंद्रात एप्रिल २००३ मध्ये दुसऱ्या भट्टीतून काढलेले इंधनाचे ३० जुडगे पाण्याखालील एका टाकीत रासायनिक सफाईसाठी ठेवले होते. १० एप्रिलला सफाई संपली. पण जुडगे लगेच बाहेर न काढता लहान पंपावर ठेवले गेले. पाण्याचा प्रवाह पुरेसा नव्हता. टाकीच्या वरच्या भागात वाफेचा कोंडा झाला आणि इंधन त्या वाफेत तासन्‌तास १००० अंशांच्या वर तापत राहिले. मध्यरात्रीनंतर झाकण उघडताच गार पाणी आत घुसले आणि ठिसूळ झालेली आवरणे फुटून गोळ्या टाकीच्या तळाशी विखुरल्या. भट्टी बंद होती, अपघात भट्टीबाहेर झाला आणि तोही सफाईच्या टाकीत! जीवितहानी झाली नाही. मोडतोड उपसून काढण्याचे काम २००७ पर्यंत चालले.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंडमध्ये २८ मार्च १९७९ रोजी हीच क्रिया भट्टीच्या पोटात झाली. गाभ्याचा साधारण निम्मा भाग वितळला. तयार झालेला हायड्रोजन त्याच दुपारी सुरक्षा कवचाच्या आत पेटला, दाबमापकाचा काटा क्षणभर उसळला. काँक्रीटचे कवच मात्र टिकले. फुकुशिमात आतील सुरक्षा पात्र नायट्रोजनने भरलेले होते, त्यामुळे तेथे हायड्रोजन पेटू शकला नाही. तो दाबाने झिरपून बाहेरच्या इमारतीत आला. तेथे हवा होती.

अशा वेळी अधिकृत निवेदनांत ‘हा केवळ हायड्रोजनचा स्फोट आहे’ असे सांगितले जाते. ते शब्दशः खरे असते. तरी त्यातला ‘केवळ’ खटकतो. एवढा हायड्रोजन जमा झाला याचाच अर्थ आतील इंधनाचे आवरण आधीच नष्ट झाले आहे. शिवाय फुकुशिमातील पहिल्या स्फोटाने दुसऱ्या भट्टीसाठी मोठ्या कष्टाने ओढलेल्या विजेच्या तारा आणि समुद्राचे पाणी आणणारे नळ निकामी केले. एका भट्टीच्या रसायनशास्त्राने शेजारच्या भट्टीचा जीव टांगणीला लावला तो असा.

नायट्रोजन येथे परका नाही

वाफेपेक्षा हवा अधिक वाईट. हवेत ऑक्सिजन मोकळाच मिळत असल्याने झिर्कोनियमच्या ऑक्सिडीकरणातून वाफेच्या मानाने जवळजवळ दुप्पट उष्णता निघते. त्याहून अनपेक्षित वागणूक नायट्रोजनची आहे. ज्याला शाळेच्या पुस्तकात आपण निष्क्रिय म्हणून ओळखतो, तो नायट्रोजन ऑक्सिजनची टंचाई असलेल्या सांदीकोपऱ्यांत झिर्कोनियमशी संयोग पावून नायट्राइड तयार करतो. नंतर ऑक्सिजन तेथे पोहोचला की नायट्राइडचे ऑक्साइडमध्ये रूपांतर होते, आकारमान वाढते आणि रक्षण करणारी साय आतूनच भेगाळते. मंदावत जाणारा वेग मग मंदावत नाही. जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील ‘क्वेंच’ प्रयोगमालेत विजेने तापवलेल्या नळ्यांच्या जुडग्यांवर हे सारे तपासले गेले. काही प्रयोगांत असेही दिसले, की अतितप्त जुडग्यावर पाणी सोडल्यावर ते गार होण्याआधी काही काळ अधिकच तापले आणि हायड्रोजनचा लोंढा आला. विंडस्केलमधील पेच हा असा प्रयोगशाळेत पुन्हा भेटतो.

हवेचा प्रश्न विशेषतः वापरलेल्या इंधनाच्या तलावांना लागू आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या चौथ्या इमारतीतील तलाव आटला असावा, या शंकेने अनेक देशांच्या तज्ज्ञांची झोप उडाली होती ती यामुळेच. त्या तलावात दीड हजारांहून अधिक जुडगे होते. पाणी टिकून होते असे पुढे स्पष्ट झाले आणि डिसेंबर २०१४ पर्यंत सर्व जुडगे सुखरूप हलवण्यात आले.

तारापूर आणि ट्रॉम्बे

मुंबईच्या उत्तरेस शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या फुकुशिमातील भट्ट्यांच्याच जातकुळीच्या, म्हणजे उकळत्या पाण्याच्या आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याच्या आहेत. आकाराने मात्र लहान. त्यामुळे २०११ नंतर सर्वाधिक प्रश्न त्यांच्याविषयी विचारले गेले, आणि ते स्वाभाविकच होते. तिसरी आणि चौथी भट्टी स्वदेशी जडपाणी पद्धतीची आहे. आवरण चारही भट्ट्यांत झिर्कोनियमच्याच मिश्रधातूचे.

फुकुशिमानंतरच्या फेरतपासणीत भारतीय भट्ट्यांसाठी ज्या सुधारणा सुचवल्या गेल्या, त्यांत हायड्रोजनचा बंदोबस्त हा एक महत्त्वाचा मुद्दा होता. हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांच्या पुढे गेले की तो पेटू शकतो. तो तेथवर पोहोचू नये म्हणून प्लॅटिनम किंवा पॅलेडियम यांसारख्या धातूंचा लेप दिलेल्या पट्ट्या सुरक्षा कवचात बसवतात. त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन ज्वाळेविना एकत्र येऊन पाणी होते. क्रियेच्याच उष्णतेने वायू वर सरकतो, नवा वायू खालून आत येतो. पंखा नको, वीज नको, कोणी बटण दाबायला नको. अशा उपकरणांच्या चाचणीसाठी न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनने तारापूर येथे खास सुविधा उभारली आहे. ही उपकरणे हायड्रोजन सावकाश पचवतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. तो लोंढ्याने आला तर त्यांची दमछाक होते.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा या विषयाशी वेगळाच संबंध आहे. कल्पाक्कमची जलद प्रजनक चाचणी भट्टी ऑक्टोबर १९८५ मध्ये प्रथम क्रियाशील झाली ती प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या मिश्र कार्बाइडवर. ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड असलेले हे इंधन ट्रॉम्बेत तयार झाले. कार्बाइड उष्णता उत्तम वाहून नेते आणि कल्पाक्कमच्या द्रवरूप सोडियमशी त्याचे जमते. हवेशी मात्र त्याचे हाडवैर. त्याचा चुरा हवेत पेट घेतो, दमट हवेत तर त्याचे विघटनच होते. मुंबईच्या पावसाळी हवेत हे इंधन बनवायचे, तर संपूर्ण काम हातमोजे बसवलेल्या बंद पेट्यांत, अतिशुद्ध नायट्रोजनच्या वातावरणात करावे लागते. आतील ऑक्सिजन आणि बाष्प यांचे प्रमाण दशलक्षांश भागांत मोजले जाते. झिर्कोनियमशी दगा करणारा नायट्रोजन येथे राखणदार होतो, कारण त्या तापमानाला तो कार्बाइडच्या वाटेला जात नाही.

२०११ नंतर जगभर नव्या आवरणांचा शोध वेगाने सुरू झाला. सिलिकॉन कार्बाइड वाफेत अत्यंत मंद गतीने झिजतो, पण तो ठिसूळ आहे आणि त्याच्या लांब नळ्यांची तोंडे वायुबंद करणे कठीण. लोह, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू चांगला टिकतो, मात्र झिर्कोनियमपेक्षा पुष्कळच अधिक न्यूट्रॉन गिळतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील हॅच केंद्रात २०१८ मध्ये अशा मिश्रधातूच्या आणि लेप दिलेल्या झिर्कोनियमच्या चाचणी नळ्या प्रथमच व्यापारी भट्टीत ठेवण्यात आल्या. सर्वांत लवकर सर्वत्र वापरात येण्याजोगा पर्याय म्हणजे नेहमीच्या झिर्कोनियम नळीवर क्रोमियमचा काही सूक्ष्ममीटर जाडीचा थर. १२०० अंशांच्या वाफेतही तो ऑक्सिडीकरण बरेच रोखतो आणि पाणी पुन्हा सुरू करण्यासाठी कर्मचाऱ्यांना अधिक वेळ मिळवून देतो. १३३० अंशांच्या आसपास क्रोमियम आणि झिर्कोनियम एकत्र वितळू लागतात. तेथून पुढे या थराचा उपयोग उरत नाही.